कुलूपबंद घरांतला गोल्फ

दोन हजार तेवीस साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. त्या वयापर्यंत मी कोणाच्या दारात काही मागायला उभा राहिलो नव्हतो. त्या वर्षी कापसाची पहिली वेचणी चालू असताना मात्र चार दिवस घरोघर फिरलो. मागणं एवढंच होतं, की येत्या रविवारी दुपारी दोन ते चार तुमचा टीव्ही चालू ठेवा आणि त्यावर बायकांचा गोल्फ लावा.

लोक हसले. हसणारच. माझ्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून ज्याचं वावर आहे तो म्हणाला, "आबा, हे म्हणजे आपला गिल्लीदंडाच ना?"

"गिल्लीदंडाच समज. पण लाव."

"अन् बाया खेळते?"

"माही नात खेळते."

त्यावर तो खाली पाहायला लागला. माझी नात पाच वर्षं गावात आली नव्हती, आणि काऊन आली नव्हती हे साऱ्या गावाला मालूम होतं. जे झालं ते माझ्याच ओट्यावर, चार माणसांदेखत झालं होतं.

आमचं गाव सिंदीपासून तासाभराच्या पायवाटेवर. माझा मुलगा शेतीत रमला नाही. तो नागपूरकडच्या एका गोल्फच्या मैदानावर गवत कापायच्या मशीनवर कामाला लागला आणि तिथल्याच खोल्यांत राहिला. नात तिथे वाढली. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या काठ्या तिच्या बापाने कापून लहान केल्या, त्यांनी ती खेळायला लागली. दरवर्षी पोळ्याला मात्र ती आमच्याकडे यायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल सजवून ओढत नेतात. तिचाही एक बैल होता, चाकं लावलेला, सागाच्या ओंडक्यातून मीच तासलेला. चौदा-पंधराची झाली तरी ती तो बैल धुऊन पुसून शिंगं रंगवायची, आणि तिची आजी त्याला झूल शिवायची.

अठरा वर्षांची झाली त्या पोळ्याला ती आली, पायाला हात लावला आणि म्हणाली, "आबा, मी आता प्रोफेशनल झाली. आता याच्यातच काम करणार."

मी शंकरपटाचा, बैलजोड्यांच्या शर्यतींचा माणूस. आमच्या जोडीने दहा गावचे पट मारलेले. बैलजोडी धावते तेव्हा दोन्ही बाजूला माणूस नुसता दाटलेला असतो, झाडावर माणूस, ट्रॉलीवर माणूस. जोडी निशाण ओलांडते आणि एवढ्या लोकांचा एकदम आवाज उठतो, तो आवाज ज्याने ऐकला त्याला खेळ म्हणजे काय ते समजतं. असं मी मानत होतो. ओट्यावर माझे जोडीदार बसले होते. त्यांच्यासमोर मी नातीला विचारलं, "टीव्हीवर दाखवते का तुमचं?"

ती खरं बोलणारी. म्हणाली, "पुरुषांचं दाखवते आबा. बायांचं क्वचितच. पाह्यणारे कमी हायेत म्हणते."

"कमी म्हणजे? मैदानावर कितीक येते?"

"कधी दहा-वीस. कधी नुसते आमचेच लोक."

एक जण फिदीफिदी हसला. मला ते हसणं लागलं. तोंडातून शब्द गेला तो असा, "ज्या खेळाले पाह्यणारं नाई तो खेळ नाई, कसरत हाये. टीव्हीवर दिसशील तवा या उंबरठ्यात येजो. तोवर येऊ नको."

मला वाटलं ती रडेल, आजीकडे जाईल, रात्री जेवताना मी एक पुरणपोळी तिच्या ताटात जास्तीची वाढायला सांगीन, आणि झालं. पण तीही माझ्याच रक्ताची. तिने आपली पिशवी उचलली. आजी आतून कणकीच्या हातांनी धावत आली, "अवं थांब, असा का सण टाकून जाते का कोनी?" ती म्हणाली, "आबाचा शब्द हाये, आजी." आणि संध्याकाळच्या गाडीने गेली. लाकडी बैल अर्धा रंगवलेला ओट्यावर तसाच राहिला.

तेव्हापासून पाच पोळे गेले. नात बापाजवळ आजीची चौकशी करायची, आजीशी फोनवर बोलायची, पण आली नाही. मी फोन घेतला नाही. बायको दर पोळ्याला म्हणायची, "तुमी एकडाव बलावा, ते येते." मी म्हणायचो, "शब्द दिला तो दिला." हे मी मोठ्या ऐटीत म्हणायचो. जसा काही मी शब्द देऊन कोणाचं भलंच केलं होतं.

आणि त्याच पाच वर्षांत बायकोचे डोळे गेले. साखरेच्या आजाराने. पहिल्या वर्षी सुईत दोरा ओवता येईना. वर्ध्याच्या दवाखान्यात दाखवलं, सुया घेतल्या डोळ्यांत, थोडं थांबलं, पुन्हा उतरत गेलं. दर तान्ह्या पोळ्याला ती तो बैल काढून धुवायची आणि शिंगांना रंग द्यायची. शेवटच्या वर्षी तिने हाताने चाचपून रंग दिला. शिंगाचा रंग कानाला लागला, पाठीला लागला. मला विचारलं, "बरा झाला का?" मी म्हटलं, "झाला." मग मी मागच्या दाराने बाहेर गेलो आणि बराच वेळ गोठ्यात उभा राहिलो. तिला उजेड, अंधार आणि माणसाची सावली एवढंच दिसत होतं. नातीचा चेहरा तिने शेवटचा पाहिला तो माझ्या उंबरठ्यात, पाठ फिरवतानाचा.

तरी मी फोन केला नाही. माझ्या डोक्याने दुसरीच वाट काढली. शब्द मागे घ्यायचा नाही, पण पोरगी टीव्हीवर दिसली पाहिजे, म्हणजे शब्दही राहतो आणि पोरगीही येते.

त्या ऑक्टोबरात मुलाने फोनवर त्याच्या आईला सांगितलं की दिल्लीकडे मोठी स्पर्धा आहे, परदेशच्या बायाही येणार आहेत, नात खेळणार आहे, आणि शेवटच्या दिवशी रविवारी दुपारी दोन तास टीव्हीवर दाखवणार आहेत. मी सिंदीला केबलवाल्याकडे गेलो. आमच्या गावात साऱ्यांकडे त्याचीच केबल.

तो म्हणाला, "आबा, तो चॅनल कोनी पाह्यतच नाई. म्या बंद ठेवला."

"चालू कर."

"करतो. पन दाखवतीन का नाई याचा भरोसा नाई. टीव्हीवाल्याचं कसं हाये, जे गंज लोक पाह्यते तेच ते दाखवते. लोकायनं पाह्यलं नाई का बंद."

मी ते वाक्य घट्ट धरून घरी आलो. लोक पाहतील तर दाखवतील. मग पाहू द्या लोकांना. आमच्या गावात सव्वाशे घरं. सव्वाशे टीव्ही एकदम लागले तर दिल्लीत कोणाला तरी समजेलच की इकडे वर्धा जिल्ह्यात बायकांचा गोल्फ पाहून राहिले. पटात दहा माणसं ओरडली तर कोणी मान वळवत नाही, हजार ओरडले तर पंचही वळतो. मी तसाच हिशेब केला.

अडचण एकच होती. रविवारी दुपारी गावात माणूस नसतो. वेचणीचे दिवस, बाया-माणसं सगळी वावरात. म्हणून मी सांगितलं, "तुमी जा वावरात. टीव्ही लावून कुलूप लावा."

एक म्हातारी म्हणाली, "रिकाम्या घरात टीव्ही लावू? बुढ्या, येडा झाला का बे तू?"

मी म्हटलं, "झालो. पन लाव."

तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "बुढीसाठी लावतो. तुह्यासाठी नाई."

रविवारी दोन वाजले आणि मी घराबाहेर निघालो. गल्लीत कुत्री झोपलेली. दारांना कुलपं. आणि प्रत्येक घरातून तोच एक आवाज. गोल्फवाला माणूस इंग्रजीत फार हळू बोलतो, शेजारच्या खोलीत कोणी आजारी झोपलं असावं तसा. तो हळू आवाज या घरातून, त्या घरातून, बौद्धवाड्याकडूनही, साऱ्या गावातून येत होता. मधेच टाळ्या, त्याही हळू. सव्वाशे पूर्ण नसतील, पण मी शंभराच्या वर दारं मोजली. लोकांनी माझा मान ठेवला. पाच वर्षांत पहिल्यांदा माझा ऊर भरून आला. वाटलं, आज दिसते पोरगी.

घरी बायको टीव्हीच्या पुढे, वीतभर अंतरावर पाट टाकून बसली होती. मला म्हणाली, "बसा. अन् सांगत जा."

मी सांगत गेलो. "हिरवं मैदान हाये. एक गोरी बाई हाये, लांब चड्डी घातलेली. तिनं मारला. चेंडू गेला. आता दुसरी. हेही गोरीच हाये. आता आपल्याकडची एक, पन ते आपली नाई."

"आपली कवा येईन?"

"येते ना. थांब."

मारणारी एक, मागे चालणारे पाच-सात, दोरीपलीकडे उभी असलेली माणसं बोटावर मोजण्याएवढी. पुन्हा पुन्हा त्याच चार बाया दाखवत होते. तासभर गेला. मधेच पुरुषांच्या कुठल्या तरी जुन्या खेळाची जाहिरात, मग क्रिकेटची, मग पुन्हा त्याच चार. साडेतीन वाजले. माझा आवाज बसत चालला. सांगायला काही नव्हतं तरी मी सांगत होतो, "आता ढग दाखवून राह्यले. आता झाड."

शेवटी एका गोरीने चेंडू खड्ड्यात टाकला आणि ती जिंकली. त्या लोकांत रीत आहे, जी जिंकते तिच्यावर बाकीच्या खेळाडू धावत येऊन बाटल्यांनी पाणी ओततात. पाच-सहा पोरी बाटल्या घेऊन धावल्या. मी ते सांगितलं, तशी बायको एकदम पुढे झुकली. टीव्हीच्या काचेला तिचं कपाळ लागलं.

"दिसली!" ती म्हणाली. "ते पाहा, पानी टाकते ते! आपलीच हाये!"

मी पाहिलं. बाटलीवाल्या पोरींत एक काळीसावळी होती, पण उंचच उंच, दुसरीच कोणी. "नाई व. ते आपली नाई."

"म्या म्हणते ना आपली हाये. उभी कशी राह्यते पाहा. दिसली का नाई टीव्हीवर? झाला तुमचा शब्द पुरा. लावा फोन."

"ते आपली नाई. अन् असली तरी खेळताना कुठं दिसली? पानी ओतताना दिसणं हे दिसणं नव्हे."

तिने टीव्हीकडे पाठ केली. चार वाजले, हळू बोलणारा माणूस थांबला आणि तिथे क्रिकेट सुरू झालं. बाहेर गल्लीतल्या साऱ्या कुलूपबंद घरांतून एकदम क्रिकेटचा गलका ऐकू यायला लागला.

सहा वाजता मुलाचा फोन आला. या खेपेला मीच उचलला. मुलगाही चपापला.

"बाबा, तुमी पाह्यला का खेळ?"

"पाह्यला. पोट्टी कुठं होती?"

"ते तर सकाळी साडेअकरालेच खेळून मोकळी झाली. जे मागं असते त्यायले सकाळी सोडते बाबा, पुढचे सगळ्यात शेवटी. टीव्ही लागला तवा ते स्टेशनच्या रस्त्याले लागली होती. गाडीत बसली. उद्या सकाळी नागपूरले उतरते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तोच म्हणाला, "हे तिची शेवटची स्पर्धा होती. ज्या कंपनीवाल्यायनं काठ्या-बिठ्या देल्ल्या होत्या ते म्हणे, तुमच्या बायांच्या खेळाले टीव्ही नाई, आमचं नाव कोन पाह्यते. पोट्टी आता स्पर्धा सोडते बाबा. इथंच लहान पोरायले शिकवीन म्हणते."

फोन ठेवला. मागच्या जोड्या सकाळी सोडतात, हे मला शिकवायची गरज नव्हती. पटात तसंच असतं. नावाजलेल्या जोड्या लोक जमल्यावर, ऊन कललं की. नवख्या जोड्या सकाळी, दव वाळायच्या आधी. आयुष्य पटात गेलं आणि मला एवढं सुचलं नाही. नात मैदानातून निघून गेली होती आणि मी गावभर कुलपं मोजत फिरत होतो. पुढे केबलवाल्यानेही सांगितलं, कोण काय पाहतं ते मोजायचा डबा ठराविक घरी असतो, बाकी कोणाच्या घरी काय लागलं ते टीव्हीवाल्याला समजतच नाही. आमच्या गावात तसा डबा एकही नव्हता.

पण त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट होती. ती आता खेळणार नाही. म्हणजे ती टीव्हीवर कधीच दिसणार नाही. म्हणजे माझा शब्द आता कधीच पुरा होणार नाही, आणि उंबरठा कायमचा बंद.

बायको चुलीजवळ बसली होती. तिने सारं ऐकलं होतं. मी विचारलं, "ते तिथं नव्हतीच. मंग तुले कशी दिसली?"

"मले का टीव्ही दिसते?" ती म्हणाली. "मले तुमचं तोंड दिसत नाई धड. तुमाले फोन कराले कायतरी निमित्त पाह्यजे होतं. म्या देल्लं. तुमी घेतलं नाई."

मी खाटेवर बसलो. ती भाकर थापत राहिली, हाताच्या अंदाजाने. मग म्हणाली, "तुमची पहिली जोडी आठवते का? सकाळी सोडली होती."

आठवत होतं. आमच्याच गावचा पट. बैल उसनवारीचे, धुरकरी मी, म्हणजे जोडी हाकणारा. साऱ्यात आधी आमची पाळी. पंच अजून चहा पीत होते. झाडावर माणूस नाही, ट्रॉली आलीच नव्हती. जोडी अर्ध्या वाटेत डावीकडे गेली, मी पडलो, गुडघा फुटला. उठून पाहिलं तर विहिरीच्या वाटेवर एकटी ही उभी होती, डोक्यावर पाण्याचा गुंड, लग्नाला चार महिने झालेली. हसली नाही. मी उठलो तेव्हाच ती पुढे गेली.

"म्या एकली होती पाह्याले," ती म्हणाली. "तवा तुमी खेळले का कसरत केली?"

मी गुडघ्यावरचा जुना वण चाचपला. बायको जाऊन आता दीड वर्ष झालं. तिच्या शेवटच्या महिन्यांत नात जवळ होती. आजी तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपायची, नाक, कपाळ, कानाची पाळी. म्हणायची, "मोठी झाली व." पाच वर्षं तिला डोळे होते, थोडे थोडे होते, आणि तेव्हा मी पोरीला येऊ दिलं नाही. हे मी कोणावर ढकलू शकत नाही. टीव्हीवाल्यांवर तर नाहीच.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी धोतर बदललं, टोपी घातली आणि सिंदीला चालत गेलो. पहिल्या गाडीने नागपूरला उतरलो. दिल्लीची गाडी कुठे लागते ते हमालाला विचारलं आणि त्या फलाटावर उभा राहिलो. गाडी उशिरा आली. माणसांचा लोंढा उतरला, आणि साऱ्यात शेवटी ती, पाठीवर ती लांब पिशवी, काठ्यांची. दुबळी झाली होती. चेहरा उन्हाने काळवंडलेला, कपाळावर मात्र टोपीखालची पट्टी गोरी. तिने मला पाहिलं आणि जिथे होती तिथेच थांबली.

"आबा? तुमी? आजीले काय झालं का?"

"आजी बरी हाये." मी खाकरलो. मी खोटं बोलत नाही, गावात विचारा. "काल तुले टीव्हीवर पाह्यलं."

"मले? आबा, मी तर तवा..."

"पानी टाकत होती तू. त्या जिंकलेल्या बाईवर. तुह्या आजीनं पाह्यलं, म्याबी पाह्यलं. साऱ्या गावात टीव्ही लागला होता."

ती माझ्याकडे पाहत राहिली. ती खरं बोलणारी पोरगी, पण तिने माझा शब्द खोडला नाही.

मी तिच्या पाठीवरची पिशवी घेतली. गव्हाच्या पोत्यासारखी जड होती. ती खांद्यावर टाकली आणि सिंदीकडची गाडी लागते त्या फलाटाकडे निघालो. पुलावर चढताना तीनदा वळून पाहिलं. ती येत होती.